लँकेशायरच्या वर्तमानपत्रात अमरावतीचा भाव: जुनी ब्रिटिश वर्तमानपत्रं कशी वाचावीत

अमरावतीहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधली साधी माणसं कशी जगत होती, यावर मला एम.ए.चा लघुप्रबंध लिहायचा आहे. जुन्या ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या संग्रहाचं एका महिन्याचं सभासदत्व घेतलं. गरिबी, कामगार, बेकारी, रोजचं जीवन यांचे इंग्रजी शब्द टाकून पाहिले. कधी लाखांनी निकाल येतात, कधी काहीच येत नाही. अकरा दिवस संपले आणि वहीत एक पान भरलेलं नाही. सुरुवात कुठून करू?’

सोळा वर्षं मी ग्रंथालयात हेच काम करतो आहे. संशोधक येतात, स्कॅन केलेली जुनी वर्तमानपत्रं उघडतात, आणि बहुतेक जण पहिल्या पंधरवड्यात नेमके इथेच अडकतात. त्यामुळे आधी हे सांगतो की अकरा दिवस वाया गेले असं समजू नका.

वरवर पाहता तुमची अडचण योग्य शब्द न सापडण्याची आहे. पण मुळात साधं जगणं ही कधीच बातमी नव्हती. बाई पहाटे उठली, चूल पेटवली, पोरांना शेजारणीकडे ठेवलं आणि गिरणीत गेली, हे आजचं वर्तमानपत्र छापत नाही, तेव्हाचंही छापत नव्हतं. छापलं जायचं ते अपघात, चोरी, सभा, भाषण, मृत्यू. मग ‘रोजचं जीवन’ हा शब्द शोधून काय सापडणार? ते जगणं जिथे संपादकाचं लक्षही नव्हतं अशा जागी सांडलेलं असतं. पहिल्या पानावरच्या जाहिरातीत, बाजारभावात, मदत समितीच्या आकड्यांत आणि मृत्यूच्या चौकशीत एखादा साक्षीदार सहज जे बोलून जातो त्यात. तिथे ते भरपूर आहे, फक्त शोधपेटीतून बोलावलं तर येत नाही. त्यासाठी वाचावं लागतं.

हे सगळ्यांनाच लागू आहे असं नाही. एखाद्या माणसाचा माग काढायचा असेल, समजा कुणाचे खापरपणजोबा लिव्हरपूलच्या बोटीवर खलाशी होते, तर नावानेच शोधायचं, दुसरा मार्ग नाही. एखादा वाद किंवा कायदा देशभर कसा पसरला हे पाहायचं असेल तर अनेक वर्तमानपत्रांत एकदम शोध घेणंच बरोबर. तुमचा विषय ‘कसे जगत होते’ हा आहे, आणि तुमच्याकडे एकोणीस दिवस आहेत. या दोन गोष्टी धरून माझं मत असं: एक गाव घ्या, एक वर्तमानपत्र घ्या, सलग काही आठवडे घ्या, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. एकोणिसावं शतक शंभर वर्षांचं आहे. त्यातले पाच शनिवार नीट वाचले तरी लघुप्रबंधाला पुरून उरतं.

कुठलं गाव? तुम्ही अमरावतीच्या आहात म्हणून सुचवतो: इंग्लंडच्या वायव्येकडच्या लँकेशायरमधलं प्रेस्टन हे सूतगिरण्यांचं गाव, आणि काळ १८६२ चा हिवाळा. कारण सांगतो.

लँकेशायरच्या सूतगिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालायच्या. येणाऱ्या कापसाचा जवळपास चार-पंचमांश भाग तिथून यायचा. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि कापूस आटला. गोदामांत आधीचा साठा होता म्हणून काही महिने ढकलले गेले. १८६२ च्या अखेरीला मात्र लँकेशायर आणि आजूबाजूच्या भागात सुमारे पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. हे सगळं गिरण्यांच्या गावांतली साप्ताहिकं दर आठवड्याला छापत होती. एरवी ज्यांच्या घरात कुणी डोकावत नाही, अशांच्या घरात त्या हिवाळ्यात मदत समितीचे लोक, पाद्री, डॉक्टर आणि वार्ताहर शिरले. एडविन वॉ या लँकेशायरच्या कवीने १८६२ मध्ये मँचेस्टरच्या एका दैनिकासाठी घरोघर फिरून लिहिलं, त्यात प्रेस्टनही आहे. संकटाच्या काळात साधं जगणं कागदावर उतरतं, ते असं. अर्थात एक खूणगाठ बांधून ठेवा: हे हालातलं जगणं आहे. त्यावरून १८५५ सालचं चांगल्या दिवसांतलं जगणं ठरवू नका.

आता पान कसं वाचायचं ते. ‘प्रेस्टन क्रॉनिकल’ दर शनिवारी निघायचं. त्या काळच्या बहुतेक इंग्रजी वर्तमानपत्रांसारखं पहिलं पान जाहिरातींचं. आपली सवय पहिलं पान म्हणजे मोठी बातमी अशी, म्हणून नवखा माणूस ते पान उलटून पुढे जातो. तसं करू नका. मी त्या पानावर दोन-दोन तास काढतो. घरकामाला मुलगी पाहिजे. तिला येणारे काम कोणते, वय किती, धर्मपंथ कोणता, ‘फॉलोअर्स’ चालणार नाहीत, म्हणजे तिला भेटायला कुणी प्रियकर येता कामा नये. भाड्याने घर, किती खोल्या, पाणी आत की अंगणात, भाडं आठवड्याचं की वर्षाचं. पोटाच्या, छातीच्या, ‘बायकांच्या दुखण्यां’च्या गोळ्या. गहाणवटदाराकडे पडून राहिलेल्या वस्तूंचा लिलाव. या शेवटच्या जाहिराती कापूस आटल्यावर वाढतात का, त्यांत ब्लँकेटं आणि रविवारचे कपडे दिसू लागतात का, हे स्वतः मोजून पाहा. असा एक तक्ता तुम्ही स्वतः केलात तर तो दहा ग्रंथांतल्या उताऱ्यांपेक्षा मोलाचा ठरेल.

मग आतल्या पानावर लिव्हरपूलच्या कापूस बाजाराचा अहवाल शोधा. अगदी बारीक अक्षरांत असतो. प्रतवारीची नावं ओळीने येतात: ऑर्लिन्स आणि मोबाईल (ही अमेरिकेतली बंदरं), इजिप्शियन, आणि खाली ‘सुरत’ या एकाच मथळ्याखाली ब्रोच, ढोलेरा, कोम्प्टा, ओमरावटी. ब्रोच म्हणजे भरूच, कोम्प्टा म्हणजे कारवारकडचं कुमठा, आणि ओमरावटी म्हणजे तुमचं अमरावती. काही वर्षांनी त्यात हिंगणघाटही येतं. पुढे भाव, एका पौंड वजनाला इतके पेन्स असा. पहिल्यांदा हे नाव त्या यादीत दिसलं तेव्हा मी किती तरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसलो होतो. वऱ्हाडातल्या काळ्या मातीतली बोंडं, बैलगाड्या, मुंबईचं बंदर, आफ्रिकेला वळसा घालून जाणारी शिडाची जहाजं, आणि शेवटी प्रेस्टनच्या एखाद्या गिरणीत सूत काढणारी बाई. एवढं सगळं त्या एका ओळीत बसलेलं आहे.

आणि ती ओळ त्या बाईच्या पोटाशी थेट बांधलेली होती. मुंबईहून येणारा सगळा कापूस तिथे ‘सुरत’ म्हणून ओळखला जायचा. तो आखूड धाग्याचा, त्यात कचरा आणि सरकीचे तुकडे फार, आणि लँकेशायरची यंत्रं अमेरिकी लांब धाग्यासाठी लावलेली. धागा पुन्हा पुन्हा तुटायचा. मजुरी नगावर. म्हणजे तेवढेच तास उभं राहायचं, अधिक राबायचं आणि आठवड्याअखेर कमी पैसे घ्यायचे. म्हणूनच तिकडच्या बोलीत ‘सुरत’ हा शब्द कुठल्याही निकृष्ट मालासाठी वापरला जाऊ लागला. भाव मात्र भडकले. अमेरिकी मध्यम कापूस युद्धाआधी सात पेन्सच्या आसपास होता, तो १८६४ च्या उन्हाळ्यात तीस पेन्सच्या घरात गेला. याच दिवसांत मुंबईत पैसा आला, शेअर बाजाराला वेड लागलं आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. तो मुंबईचा भाग तुमच्या प्रबंधात ओढून आणू नका, तो वेगळा विषय आहे. पण भावाची ती ओळ दर आठवड्याला टिपून ठेवा. बाकीच्या पानावर जे दिसतं त्याचं कारण पुष्कळदा तिथे सापडतं.

पैशांचा हिशेब एकदा पाठ करून घ्या. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, एकवीस शिलिंगांची एक गिनी. पेन्ससाठी ‘डी’ हे अक्षर असतं, ‘पी’ नव्हे. तारखांमध्येही एक खोच आहे. ‘१४ इन्स्टंट’ म्हणजे याच महिन्याची १४, ‘अल्टिमो’ म्हणजे गेल्या महिन्याची, ‘प्रॉक्सिमो’ म्हणजे पुढच्या. हे तिन्ही शब्द संक्षेपाने छापतात, आणि ते न कळल्यामुळे घटना एक महिना पुढेमागे लिहिलेले प्रबंध मी पाहिले आहेत.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा खजिना: मृत्यूची चौकशी. कुणी अचानक किंवा संशयास्पद रीतीने मेलं की कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, पंच बसवायचा. ही चौकशी पुष्कळदा जवळच्या दारूच्या गुत्त्यात व्हायची, कारण बाराहून अधिक माणसं बसतील अशी दुसरी खोली वस्तीत नसायची. पंचांनी प्रेत पाहायचं, मग साक्षी. वार्ताहर लघुलिपीत उतरवून घ्यायचा आणि साक्ष बरीचशी बोलली तशी छापली जायची. वर्तमानपत्राला हवा असतो तो मृत्यू. तुम्ही मृत्यू बाजूला ठेवा आणि उरलेलं वाचा.

लहान मुलाच्या कपड्यांना आग लागून मृत्यू, हा प्रकार त्या काळी वारंवार येतो. असा वृत्तांत समोर घ्या आणि त्याला साधे प्रश्न विचारा. आई कुठे होती? गिरणीत. किती वाजता निघाली? मूल कुणाजवळ? नऊ-दहा वर्षांच्या बहिणीजवळ, की दिवसाचे पैसे घेऊन पोरं सांभाळणाऱ्या म्हातारीजवळ? ती म्हातारी आठवड्याला किती घ्यायची? शेगडीपुढे जाळी होती का? मुलाच्या अंगात काय होतं, सुती की लोकरी? कोण धावत आलं, कुठल्या घरातून? जखमेवर काय लावलं? डॉक्टरला केव्हा बोलावलं, त्याने पैसे आधी मागितले का? तान्ह्या मुलाचा मृत्यू असेल तर ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ हे नाव येतं का पाहा. ते अफू घातलेलं गोड औषध, रडणाऱ्या पोराला गुंगवण्यासाठी दुकानात सहज मिळायचं. आपल्याकडे गिरणगावात आणि शेतावर बायका पोराला अफूची बोटं चाटवायच्या, त्यासारखंच. साक्षीदार बाई ते लपवत नाही, कारण तिच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नसतं. ‘दुपारी नेहमीप्रमाणे अर्धा चमचा दिला,’ अशा धाटणीच्या वाक्यातला ‘नेहमीप्रमाणे’ हा शब्द तुमच्या कामाचा. साधं जगणं त्यात आहे.

अशा तीस-चाळीस चौकशा वाचून, प्रत्येकीतून वेळ, जागा, अन्न, कपडे, शेजार आणि पैसे एवढंच टिपलंत, तर एका गल्लीचा दिवस तुमच्यासमोर उभा राहील. मी हे करताना दर वेळी एका गोष्टीची आठवण ठेवतो, तुम्हीही ठेवा: ही माणसं आयुष्यात एकदाच कागदावर आली आणि ती अशा दिवशी आली. त्यांचा मजकूर वापरताना तेवढा मान राहू द्या.

शोधपेटी मुळीच वापरायची नाही असं मी म्हणत नाही. वाचून शब्द कळले की मग ती कामाला येते. पण तिच्या मागे काय आहे ते समजून घ्या. तुम्ही वर्तमानपत्र शोधत नसता. यंत्राने त्या पानाच्या चित्रावरून जे अक्षर ओळखलं, ते शोधत असता. जुना कागद, छपाईचे झिजलेले खिळे, पलीकडच्या पानाची उमटलेली शाई, बरेचदा मायक्रोफिल्मवरून केलेलं स्कॅन. ब्रिटिश लायब्ररीच्या एकोणिसाव्या शतकातल्या वर्तमानपत्रांची २००९ मध्ये तपासणी झाली तेव्हा शब्द बरोबर ओळखण्याचं प्रमाण सुमारे ७८ टक्के निघालं. ‘द’, ‘ऑफ’, ‘अँड’ असले शब्द सोडून अर्थाचे शब्द घेतले तर ते सुमारे ६८ टक्क्यांवर आलं, आणि मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या शब्दांत, म्हणजे माणसांच्या आणि गावांच्या नावांत, त्याहून खाली. थोडक्यात, तीनातला एक महत्त्वाचा शब्द यंत्राला दिसतच नाही. तेव्हा ‘शून्य निकाल’ म्हणजे ‘घडलं नाही’ असं कधीही लिहू नका.

त्यावर उपाय साधे आहेत. ‘एम’ हे अक्षर यंत्र ‘आर’ आणि ‘एन’ असं जोडीने वाचतं, ‘इ’, ‘सी’ आणि ‘ओ’ यांची अदलाबदल करतं. ती चूक मुद्दाम टाकून शोधा. माणसाचं नाव सापडत नसेल तर त्याची गल्ली शोधा, गिरणीचं नाव शोधा, दंडाधिकाऱ्याचं नाव शोधा. वर्तमानपत्र आणि तारखा आधी आवळून घ्या, मग एकच ठसठशीत शब्द टाका. आपल्या नावांच्या बाबतीत तर स्पेलिंगचे सगळे प्रकार करून पाहावे लागतात. डॉ. रखमाबाईंचा खटला १८८४ पासून चालला, त्यांचं पत्र १८८७ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापलं गेलं आणि इंग्लंडभर त्यावर लिहून आलं. पण रुख्माबाई, रुक्माबाई, रुखमाभाई, जमेल तसं नाव छापलेलं आहे. एकाच स्पेलिंगवर थांबणाऱ्याला त्यातला तुकडाच मिळतो.

शब्दही त्या काळचे हवेत. तुम्हाला ‘बेकारी’च्या इंग्रजी शब्दाला निकाल का मिळाले नाहीत? कारण तो शब्द त्या अर्थाने शतकाच्या शेवटी रुळला. १८६२ मध्ये म्हणायचे ‘डिस्ट्रेस’, ‘आउट ऑफ वर्क’, ‘शॉर्ट टाइम’. गिरणी कामगाराला ‘वर्कर’ क्वचित, ‘ऑपरेटिव्ह’ किंवा ‘हँड’ जास्त. क्षयाला ‘कन्झम्शन’. सायकलीची सुरुवात ‘व्हेलॉसिपीड’ या नावाने होते. पहिला आठवडा नुसता वाचत असताना असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर उतरवत जा. तीच तुमची शोधयादी.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती सांगतो. एका अपघाताचा वृत्तांत मला वेगवेगळ्या गावांच्या चौदा वर्तमानपत्रांत सापडला. चौदा ठिकाणी सारखाच तपशील, म्हणजे भक्कम पुरावा, असं मी एका अभ्यासकाला लिहून दिलं. नंतर शांतपणे शेजारी शेजारी ठेवून वाचलं तर एका आडनावातली एकच चूक चौदाही ठिकाणी होती. एकाने छापलेलं, बाकीच्या तेरांनी कापून चिकटवलेलं. तेव्हाच्या संपादकाच्या टेबलावर कात्री आणि खळ असायचीच, मजकूर उचलण्यात कुणाला गैर वाटत नव्हतं. चौदा साक्षीदार नव्हते, एकच होता. मी ते पत्र मागे घेतलं, पण तोवर त्या अभ्यासकाचा एक लेख छापून गेला होता. तेव्हापासून बातमी कुठेही सापडो, मी मागे जाऊन ती सर्वांत आधी कुठे आली ते पाहतो. गावाजवळचं वर्तमानपत्र, सर्वांत जुनी तारीख.

दुसरं, प्रत्येक वर्तमानपत्र कुठल्या तरी पक्षाचं असायचं आणि ते उघडपणे असायचं. प्रेस्टनमध्ये ‘क्रॉनिकल’ आणि ‘गार्डियन’ उदारमतवादी, ‘पायलट’ टोरी, म्हणजे पुराणमतवादी. ‘गार्डियन’ १८४४ मध्ये काढलं ते जोसेफ लिव्हझी यांनी, दारूबंदीच्या चळवळीतला मोठा माणूस. तेव्हा दारूसंबंधी त्या पत्रात काय येतं हे वाचताना ते लक्षात हवं. १८४६ पासून मिचेल यांची वर्तमानपत्रांची निर्देशिका निघू लागली, त्यात कुठलं पत्र कुठल्या मताचं आणि कुठल्या भागात खपणारं ते दिलेलं असतं. निवडलेलं पत्र आधी त्यात पाहून घ्या.

हे का महत्त्वाचं, ते स्टेलीब्रिजच्या दंगलीवरून कळेल. मँचेस्टरच्या पूर्वेचं हे गिरण्यांचं गाव. १८६३ च्या मार्चमध्ये तिथल्या मदत समितीने ठरवलं की आठवड्याची मदत तीन शिलिंग चार पेन्सवरून तीन शिलिंगांवर आणायची, आणि ती रोख न देता किराणा दुकानाच्या तिकिटांच्या रूपात द्यायची. लोकांनी तिकिटं नाकारली. शुक्रवार, २० मार्चला दंगल झाली, मदतीच्या कपड्यांचं कोठार लुटलं गेलं, घोडदळ बोलवावं लागलं. मधले दहा दिवस मागे जा: १० मार्चला युवराजाचं लग्न झालं होतं आणि देशभर मेजवान्या, मिरवणुका, रोषणाई झाली होती. वर्तमानपत्राच्या लागोपाठच्या अंकांत हे दोन्ही मजकूर आहेत.

चार पेन्ससाठी दंगल? असं वाटेल. पण तिकीट म्हणजे तुम्ही काय खायचं ते समिती ठरवणार, भाडं आणि कोळसा कशाने द्यायचा ते तुमचं तुम्ही बघा, आणि दुकानदारापुढे तिकीट धरताना सगळ्या गावाला कळणार की हे घर मदतीवर आहे. ज्यांनी आयुष्यभर स्वतःच्या कमाईवर घर चालवलं त्यांना ते सहन झालं नाही. आता हीच घटना शेजारच्या अॅश्टन गावचं स्थानिक पत्र, मँचेस्टरचं दैनिक आणि लंडनचं ‘टाइम्स’ या तिघांत वाचा. जमावाला कोण काय म्हणतं? आयरिश लोकांवर कोण ढकलतं? कामगारांच्या सभेतली भाषणं कोण सविस्तर छापतं आणि कोण दोन ओळींत उरकतं? त्या फरकातून तुम्हाला तीन वेगवेगळे वाचकवर्ग दिसतील. एका पत्रावर प्रबंध उभा केला असता तर हे हातचं गेलं असतं.

काळ बदलायचा विचार मनात असेल तर एवढं पाहा की १८५५ च्या आधीचं वर्तमानपत्र वेगळ्या माणसांसाठी होतं. १८१५ पासून प्रत्येक प्रतीवर चार पेन्सचा मुद्रांक कर होता. १८३६ मध्ये तो एक पेनीवर आला आणि १८५५ मध्ये गेला. जाहिरातींवरचा कर १८५३ मध्ये, कागदावरचा १८६१ मध्ये उठला. त्यानंतर एक पेनीचं वर्तमानपत्र गावोगाव निघालं. त्याआधी कामगार वर्गणी काढून एक प्रत घ्यायचे आणि गुत्त्यात किंवा कॉफीच्या दुकानात एकजण मोठ्याने वाचायचा. चार्टिस्टांचं, म्हणजे कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चळवळीचं, ‘नॉर्दर्न स्टार’ १८३७ मध्ये लीड्सला निघालं, ते असंच ऐकलं गेलं. १८३०-४० चं दशक घ्यायचं असेल तर ते पत्र घ्या. इतर पत्रांत गरीब माणूस बहुतेक वेळा आरोपीच्या पिंजऱ्यातच भेटेल.

सभासदत्वाबद्दल. तुम्ही बहुधा ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह घेतलं असेल; ब्रिटिश लायब्ररीच्या सहकार्याने ते २०११ पासून चालू आहे. त्यातली काही पानं नुसती नोंदणी करून फुकट पाहता येतात. पैसे भरण्याआधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात मात्र विचारा. काही विद्यापीठं गेल या कंपनीचे संग्रह घेतात आणि त्यांत ‘प्रेस्टन क्रॉनिकल’ आहे. महिना संपल्यावरही काम थांबत नाही. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा वर्तमानपत्रांचा संग्रह पूर्ण मोफत आहे. ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ आणि न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ हेही मोफत, आणि त्या वसाहतींची पत्रं इंग्लंडच्या बातम्या धडाधड उचलायची, त्यामुळे लँकेशायरचा मजकूर तिथेही सापडतो. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाचे १९१३ पर्यंतचे खटले मोफत वाचता येतात. साक्षीदाराच्या तोंडचं बोलणं हवं असेल तर तेही पाहा.

सगळं स्कॅन झालेलं नाही, आणि सगळं टिकलेलंही नाही. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या कॉलिंडेल इथल्या वर्तमानपत्रांच्या कोठारावर बॉम्ब पडला आणि हजारो खंड नष्ट झाले, त्यात एकोणिसाव्या शतकातली गावोगावची आणि आयर्लंडची पत्रं पुष्कळ होती. जे पडद्यावर दिसतं ते उरलेल्यातलं निवडलेलं आहे. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हे स्पष्ट लिहा. परीक्षकांना ते आवडेल म्हणून नाही, तर ते खरं आहे म्हणून.

नोंदी ठेवण्याची माझी रीत अशी: पत्राचं नाव, तारीख, पान, रकाना, मग पूर्ण पानाचं चित्र उतरवून घेणं, नुसता कापलेला तुकडा नाही, कारण शेजारी काय छापलं होतं तेही पुढे लागतं. यंत्राने ओळखलेला मजकूर जसाच्या तसा कधीही उद्धृत करू नका, चित्र पाहून स्वतः टंकित करा. आणि जे शोध फसले तेही तारखेसह लिहून ठेवा, नाहीतर आठव्या दिवशी तोच शब्द पुन्हा टाकाल.

थोडक्यात तुमचा कार्यक्रम असा लावा. १८६२ च्या नोव्हेंबरात पाच शनिवार येतात: १, ८, १५, २२ आणि २९. ‘क्रॉनिकल’चे हे पाच अंक, रोज एक, जाहिरातींपासून शेवटच्या रकान्यापर्यंत. या पाच दिवसांत शोधपेटीला हात लावू नका. सहाव्या दिवशी वहीतले शब्द आणि गल्ल्या घेऊन शोध सुरू करा. दहाव्या दिवसापासून मृत्यूच्या चौकशा. शेवटचे चार-पाच दिवस टोरी पत्रासाठी आणि स्टेलीब्रिजसाठी राखून ठेवा. सुरुवातीला एक अंक वाचायला पाच-सहा तास लागतील आणि डोळे दुखतील; तिसऱ्या अंकाला रकान्यांची जागा पाठ होते आणि वेग येतो.

आणि १ नोव्हेंबरच्या अंकात लिव्हरपूलचा बाजारभाव सापडला की त्यात ओमरावटीला किती पेन्स दिले आहेत, ते मला कळवा. अक्षर पुसट असेल तर पान आणि रकाना लिहा, मी इकडून उघडून पाहीन.